रानडुकराला कोणती गोळी घालावी

नागभीडजवळून,
कार्तिक, १९५६

तीर्थस्वरूप दादा,

तुझ्या इंदूचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. खरंच वाकले तर घरकामाच्या मैनाला हाक मारून उठवून घ्यावं लागतं.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा दमा थंडीने वाढला नसेल अशी आशा करते. तू अजून पहाटे उघड्या अंगाने अंगणात फेऱ्या मारत असशील, तर वहिनींच्या वतीने मी इथूनच रागावते आहे असं समज. आम्ही दोघं बरे आहोत. आपण नव्या मुंबई राज्यात गेलो हे माणसांना थोडंफार कळलं आहे. डुकरांना अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

पत्र त्यांच्यासाठीच आहे. तलावाखालची आमची धानाची बांधी यंदा इतकी सुरेख भरली आहे की बघत उभं राहावंसं वाटतं, आणि रानडुकरं ती रोज उभी राहून न बघता खातात. ती बांधी मुखरू अर्ध्या वाट्याने कसतो (आमच्या मैनाचा नवरा, तुला आठवत असेल, तू आलास की तुझ्या बुटांना तेल लावतो तो). धान गेलं तर त्याचं वर्ष गेलं. म्हणून यांनी त्याला शब्द दिला आहे की कापणीआधी डुक्कर मारीन. सरकारने गावची मालगुजारी काढून घेतल्यापासून शब्द देण्याची संधी यांना क्वचितच मिळते, त्यामुळे दिलेला शब्द फार जपतात. हत्यार म्हणजे तू हौसेने दिलेली तुझी जुनी बावीस बोअरची रायफल. तू ती सशांसाठी आणि तितरांसाठी दिली होतीस, हे मी आठवण करून दिलं तर म्हणाले, "बंदूक लहान असली म्हणून काय झालं? गोळी योग्य निवडली पाहिजे."

झालं. तेव्हापासून या घरात दुसरा विषय नाही. वरण वाढताना मला ऐकावं लागतं की पोकळ नाकाची गोळी लागताक्षणी फुलते, पण नर डुकराच्या खांद्यावर चिवट कातडीची ढाल असते, तिच्यातच फुलून बसते, आत जात नाही. भात वाढताना ऐकावं लागतं की भरीव गोळी आत जाते खरी, पण सुईसारखी. डुक्कर मरत नाही, चिडतं, आणि टोचणारा कोण ते शोधायला येतं. (कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सूप आवाज न करता कसं प्यावं ते शिकवलं, ताटावर डुकराची कातडी आली तर काय करावं ते सिस्टरांनी सांगितलं नाही.) माझा जीव त्या चिडलेल्या डुकरात अडकला आहे. सुळे परजून ते उलटलं तर यांना पळता येणार नाही, आणि आलं तरी हे पळणार नाहीत.

शेवटी परीक्षा घ्यायची ठरली. सांडग्यांसाठी ठेवलेला माझा कोहळा बांधीच्या कडेला, धुऱ्यावर मांडला गेला. भरीव गोळी तलावात गेली. "हलकी आहे, वाऱ्याने वाहिली," असा निकाल मिळाला. (वारा नव्हता. मैनाच्या चुलीचा धूर काठीसारखा सरळ वर चालला होता.) पोकळ नाकाची गोळी शेजारच्या पाण्याच्या माठाला लागली. "बघ, माठ कसा फुटला! गोळी उत्तम आहे," म्हणाले. कोहळ्याचे सांडगे मी नंतर निवांत घातले.

मग यांच्या लक्षात आलं की कोहळा म्हणजे डुक्कर नव्हे. डुकरासारखं काहीतरी जड, ओलं, मऊ हवं. यांनी आणि मुखरूने मिळून एका पोत्यात कोंडा भिजवून भरला, वजन यावं म्हणून माझी साठवणीची मोहफुलं भिजवून घातली, वरून तलावाच्या चिखलाचा जाड लेप दिला, आणि संध्याकाळी अगदी जवळ उभं राहून दोन्ही जातींच्या गोळ्या त्यात झाडल्या. सकाळी पोतं फाडून कोणती किती आत गेली ते पाहायचं, असं ठरवून ते पोतं तिथेच, बांधीत, ठेवून दोघे घरी आले. दादा, तू आयुष्यभर जंगलखात्यात होतास; पुढचं तुला सांगायला नको. सकाळी पोत्याच्या चिंध्या होत्या. मैना कपाळाला हात लावून म्हणाली, "बाई, डुकरं नाई, जवाई आले होते वाटते! पाहुनचार पाह्यला काय त्याइचा?" गोळ्या शेवटी डुकरांच्या पोटात गेल्या, दोन्ही जातींच्या गेल्या, फक्त बंदुकीतून थेट गेल्या नाहीत.

पण मोहफुलांनी आपलं नशेचं काम केलं होतं. एक भला थोरला नर पलीकडच्या धुऱ्याशी लोळून झोपला होता. अशी संधी जन्मात येत नाही. धुकं होतं. हे आणि मुखरू वाकून पुढे गेले, मी मागे जीव मुठीत धरून उभी. आणि तिथे, डुक्कर घोरत असताना, यांनी एका हातात एक गोळी, दुसऱ्या हातात दुसरी घेऊन विचार सुरू केला.

"मालक, कोनतीबी टाका, पन टाका!" मुखरू कुजबुजला.

"अरे, खांदा इकडे आहे की पोट?"

"तुमी गोळ्या बदलून राह्यले, डुक्कर त तेच हाये ना!"

शेवटी पोकळ नाकाची घातली, नेम धरला, चाप ओढला. डुक्कर उठलं, सभा आवडली नाही म्हणून उठून जाणाऱ्या अध्यक्षासारखं त्याने आमच्याकडे पाहिलं, आणि झुलत झुलत रानात गेलं. गोळी लागली होती ती धुऱ्यावरच्या काळ्या ढिगाला. मुखरूची घोंगडी. वाकून चालता यावं म्हणून त्याने ती नुकतीच अंगावरून काढून ठेवली होती.

मी आधी हसले. खूप हसले. मग घोंगडीतलं भोक पाहिलं. मुखरूने ती झटकली, खांद्यावर टाकली आणि मला म्हणाला, "जुनीच होती, बाई." गावात तो अवाक्षर बोललेला नाही. हे त्या दिवसापासून म्हणत आहेत की पोकळ नाकाची गोळी डावीकडे ओढते.

तर दादा, यांचा निरोप असा: रानडुकराला बावीस बोअरची कोणती गोळी घालावी ते तुझ्या अनुभवाने उलट टपाली कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
इंदू

ता. क. गोळीचं राहू दे. यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. वर्तमानपत्र खिडकीशी नेऊन परत आणतात आणि "हल्ली अक्षरं बारीक छापतात, तूच वाच" म्हणतात. डोळ्यांचं नाव काढलं की जेवणावरून उठतात. तू असं कर, पत्रात लिही की गोळी दुकानात स्वतः हातात घेऊन पारखावी लागते, नागपूरला या. आणि चांगला डोळ्यांचा डॉक्टर बघून ठेव. तोवर मुखरू आणि त्याचे भाऊ बांधीवर डबे वाजवतील. मी माझे तुपाचे रिकामे डबे दिले आहेत.

ता. क. दुसरा. पत्र यांना वाचून दाखवलं, तुझ्या नमस्कारापासून माझ्या सहीपर्यंत. ऐकून म्हणाले, "आणि ता. क.?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "लग्न झाल्यापासून तुझं एक पत्र ता. क. शिवाय गेलेलं नाही. वाच." वाचला. अडकित्ता उचलून सुपारी कातरली. मग म्हणाले, "दादांना लिही, येतो. पण आधी दुकान, मग डॉक्टर." मी लिहायला बसले तर पुन्हा दारातून वळून आले. "आणि नागपुरात मुखरूसाठी एक घोंगडी बघून ठेवा म्हणावं. काळी नको. पांढरी."