म्हशीला मारलेली हाक

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या धाकातली ही सून आता स्वतःच कुणाची सासू आणि कुणाची आजी होऊन बसली आहे. मी सांगतेय, नात लिहितेय. मला अक्षर येत नाही, तुम्हालाही येत नव्हतं, तेव्हा पोरीची चूक धरायला आपल्या दोघींत कुणी नाही. पोरं कुठल्याशा तळ्यावर सहलीला निघालीत. तिथे म्हणे सगळं फिरवून दाखवणारा माणूस मिळतो. मी म्हटलं, आम्हाला न मागता मिळाला होता.

स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती, मी नवी नवरी. तुमचे चिरंजीव, म्हणजे आमचे हे, जळगावच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांना डोंगरातलं कमळांचं तळं रंगवायचं होतं, म्हणून तुमचे मालक आबा, तुम्ही, हे आणि मी निघालो. आपल्या असोद्याहून जळगाव, मग रेल्वे, पुढे बैलगाडी. तळं दिसल्याबरोबर तुम्ही तुमच्या धुळ्याकडच्या बोलीत म्हणालात, "इतलं पानी शे आन् एक बी म्हैस नही!" आणि वारा कुठून येतो ते बघून, तळ्याकडे पाठ करून भरताची वांगी भाजायला बसलात. यांचं चित्र तुम्ही बसल्या जागेवरून नापास केलं. "या कमळं का कोबी?"

तेवढ्यात तळ्याकाठच्या देवळातल्या पुजाऱ्याचे म्हातारे मेहुणे छत्री घेऊन आपणहून पुढे झाले. देवळाचा दगड न् दगड दाखवला. सगळे पांडवांनी एका रात्रीत बसवलेले. तुम्ही विचारलंत, "मंग दिवसभर काय झोपेत का पांडव?" मेहुण्यांनी छत्री उघडली, मिटली आणि आपल्याला पाण्याच्या काठाशी नेलं. समोरच्या कड्याला हाक मारायची, कडा ओ देतो म्हणे. आबांनी स्वतःचंच नाव ठोकून दिलं. कड्याने नाव गिळलं आणि नुसतं "राव, राव" परत केलं. "मान तरी राखला," आबा म्हणाले. मग मेहुणे आपल्याकडे वळले, "बायांनी मालकाचं नाव घ्यावं." आपण दोघींनी पदर तोंडाला लावला. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, डोंगराला कुठला उखाणा घालणार? आपल्या म्हशीला तेव्हा नावही नव्हतं, म्हणून मी नुसतंच "ये गं म्हशीऽऽ" ओरडून वेळ मारून नेली. तुम्ही मात्र गप्प. तुम्ही आणि गप्प!

पुरुषमाणसं भरीत-भाकरीला बसली, तशा तुम्ही उठलात. "तांब्या काठवर ऱ्हाई गया." तांब्या माझ्या हातात होता, तरी मला ओढत नेलंत. इकडे बघितलंत, तिकडे बघितलंत, तोंडाशी हात धरलेत आणि एक हाक मारलीत. ते नाव मी आपल्या घरात कधी ऐकलं नव्हतं. कड्याने ते अख्खंच्या अख्खं परत दिलं. आणि जिच्या आवाजाने आळीतली कुत्री उठून जायची, ती बाई लहान पोरीच्या आवाजात म्हणाली, "ओऽऽ! उनू, उनू!" आले, आले, जणू आई जेवायलाच बोलावत होती.

"मनं माहेरनं नाव," तुम्ही म्हणालात. "लगीनमा बदलं. आते ते नाव लेनारं कोनी नही. कोनले सांगशी ते याद ठेव!"

इतक्यात कुणी बुडालं असं समजून बापलेक धावत आले, आबांच्या हातात अर्धी भाकरी. "कोनाले हाका मारते?"

"म्हैसले," तुम्ही पापणी न हलवता म्हणालात.

आबांनी कड्याकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं, भाकरीचा घास तोडला. "चांगलं नाव हाये."

तेव्हापासून म्हशीला ते नाव पडलं. रोज संध्याकाळी मळ्यातून आले की आबा दाराशी उभे राहून तेच नाव घेत. म्हैस गोठ्यात रवंथ करत बसलेली, कानही हलवायची नाही. तुम्ही मात्र पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायच्यात, वर पुन्हा, "म्हैसकरता इतलं बोंबलनं पडस का?" ती म्हैस गेली, दुसरी आली, नाव तेच. आबा किती भोळे म्हणून मी पदराआड कितीदा हसले.

परवा एका लग्नात नवरदेवाने तांदळात नवरीचं नवं नाव लिहिलं, आणि माझा घास हातातच राहिला. आत्याबाई, तुमचं जुनं नाव ज्यांनी बदललं, त्या आबांना ते ठाऊक नव्हतं होय?

नात विचारतेय, वर नाव काय घालू? तुमची ताकीद आहे, मी सांगणार नाही. कागद राहील पिठाच्या डब्यामागे. आणि एक. त्या दिवशी मी म्हशीला हाक मारली, तेव्हा ओठावर माझंही माहेरचं नाव आलं होतं. ते गिळलं. यांना ते ठाऊक होतं, पण हाक मारायला हे गोठ्याकडे कधी फिरकले नाहीत. आता हेही नाहीत, आणि दारात म्हशीच्या जागी मोटरसायकल उभी असते. तिला कुणी हाक मारत नाही.