सांध्यावरचं कुंकू

३ फेब्रुवारी १९७५

वस्तादांचं चित्र आज पेटीत बंद केलं. दिल्लीच्या गॅलरीच्या वार्षिक प्रदर्शनासाठी. चार महिने रोज शाळेआधी तालमीत बसलो, त्यातले नऊ दिवस नुसत्या डाव्या कानावर गेले. कुस्तीत मोडून गड्डा झालेला कान. वस्ताद सारखे विचारायचे, "मास्तर, कान नीट आलाय न्हवं? तेवढाच दागिना हाय माझा."

खिळे ठोकल्यावर सौ.ने तेलात कुंकू कालवून झाकणाच्या सांध्यावर पाच बोटं ओढली. प्रत्येक बोट निम्मं झाकणावर, निम्मं पेटीवर. म्हणाली, पहिल्या खेपेलाच सुचायला हवं होतं. हसलो. दुपारी स्टेशनवर पार्सल केलं.

१४ मार्च

पत्र आलं. सातव्या वर्षी सातवा नकार. "समितीने आपले चित्र बारकाईने पाहिले. हात तयार आहे, परंतु हुबेहूबपणापलीकडची दृष्टी दिसत नाही."

चित्रकलेच्या तासाला वर्गावर विनाकारण ओरडलो.

१६ मार्च

तालमीत वस्तादांनी गाठलंच. "लागलं का दिल्लीत आमचं थोबाड?" दहा-बारा पैलवान कान देऊन उभे. तोंडातून निघून गेलं, "लागलंय की. दारातून आत शिरलं की समोरच."

वस्तादांनी डाव्या कानाला हात लावला. पोरं हसली, पाठीवर थापा मारल्या. माझी मलाच शरम वाटते. आता हे निस्तरायचं कसं...

२ एप्रिल

पेटी परत आली. पटाशी घेऊन बसलो, तर सौ. म्हणाली, "अहो, थांबा. कुंकू बघा आधी."

पाचही बोटं जशीच्या तशी. सांध्यावर चीरसुद्धा नाही. खिळ्यांची डोकी माझ्याच हातची, एक वाकडा गेला होता तो तसाच वाकडा.

पेटी उघडलीच नाही हरामखोरांनी.

बारकाईने पाहिले म्हणे. कुठून? लाकडातून?

३ एप्रिल

शाळेत गेलो नाही. ट्रंकेतली जुनी पत्रं काढली. पहिल्या वर्षी लिहिलं होतं, रंग काळवंडलेले. मी तपकिरी सोडला. मग लिहिलं, चित्रात गोष्ट सांगता. बाजार, बैल, बायका, सगळं काढून टाकलं. मग, रेषा भित्री. म्हणून जाड ब्रश धरला आणि वर्षभर हात बिघडवून घेतला. लहानपणी चित्रकलेच्या गुरुजींनी घडवलेला हात.

त्या पेट्या तरी उघडल्या होत्या का? आता कोण सांगणार. ज्यांनी बघितलंच नाही त्यांचं ऐकून सात वर्षं स्वतःला सुधारत बसलो. त्यांचा राग येतो, त्याहून माझा जास्त येतो.

७ एप्रिल

वस्ताद घरी आले. दिल्लीचा कागद बघायचा होता, पैलवानांना दाखवायला. सोप्यात पेटी दिसली. आणखी खोटं बोलायला जीभ वळेना. सगळं सांगितलं.

उकिडवे बसले, कुंकवाला बोट न लावता बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी कुस्ती झालीच न्हाय. मग हरलो कुठं?"

जरा बरं वाटलं. तेवढ्यात उठले. "त्यांनी न बघता बघितलं म्हणून लिवलं. तुमी लागलं नसताना लागलं म्हणून सांगितलंसा. फरक काय ओ मास्तर?"

चहा न घेता गेले. सौ. कपबशी हातात धरून तशीच उभी.

११ एप्रिल

दिल्लीला पत्र लिहिलं. तीन मसुदे फाडले, शिव्या फार होत्या. शेवटी एकच ओळ ठेवली. "माझ्या चित्रातील माणसाचा कोणता कान मोडलेला आहे, ते कृपया उलटटपाली कळवावे." रजिस्टर केलं.

सौ. म्हणते पेटी उघडा, उन्हाळ्यात रंग तडकतील. तडकू देत. पुरावा आहे तो.

२८ एप्रिल

उत्तर नाही. दाढी करून तालमीत गेलो, वस्ताद घरून उठून गेल्यावर तीन आठवड्यांनी. वस्ताद हौद्यातल्या मातीत ताक मिसळत होते. बसा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. माती कालवता कालवताच विचारलं, "काय लिवलंसा त्यांस्नी?"

सांगितलं. त्यांचा हात डाव्या कानाकडं गेला आणि अर्ध्यावरनं मागं आला.

"उत्तर आलं तर काय आलं ते खरं सांगा. न्हाई आलं तरी सांगा. हितं, सगळ्यांफुडं."

हो म्हणालो. मागं पोरं शड्डू ठोकत होती. त्यांच्या लेखी वस्ताद अजून दिल्लीत, दारासमोर टांगलेत.