उलटं आडनाव

३ ऑक्टोबर, रविवार
चर्चमध्ये नव्या पाद्रीणबाई आल्या. मूळच्या सुरिनामच्या, आम्हा डचांच्या जुन्या वसाहतीतल्या. नाव एस्टेला हाउटब्रुक.
आणि आम्ही ब्रुकहाउट!
नंतर कॉफी पिताना पाववाला कोर्नेलिस म्हणाला, "ब्रुकहाउटबाई, तुमचं आडनाव कुणीतरी उलटं टांगलंय बघा." सगळे हसले. बाबा हसले नाहीत. कप तसाच ठेवून घरी निघाले — काठीसुद्धा विसरले.

५ ऑक्टोबर
बाबा नीट जेवत नाहीत. पडदा ओढून बसतात. बांधावरून कोण येतंय, विचारतात. कोणी नव्हतं. नुसता वारा.

९ ऑक्टोबर
ब्रुक म्हणजे दलदल, हाउट म्हणजे लाकूड. लहानपणापासून ऐकत आलेय — मूळ पुरुषाने दलदलीत लाकडं रोवून ही जमीन काढली. पुढे त्याच्या वंशातला एक समुद्रापार सुरिनामला गेला, कॉफीचा मळा केला, श्रीमंत होऊन परतला. मळ्याला बायकोचं नाव दिलं होतं. पीटरनेल. तेच नाव घराण्यात चालत आलं, माझ्यापर्यंत.
माझ्या लेकीचे, यानेकेचे, दिवस भरत आलेत. मी लग्नाशिवाय तिला जन्म दिला म्हणून बाबा किती तरी महिने माझ्याशी बोलले नव्हते. तिला माझंच आडनाव लागलं, बाळालाही तेच लागणार. आता तिच्यामुळेच ते टिकणार! मुलगी झाली तर पीटरनेल ठेवा, एवढंच मागतात.

१२ ऑक्टोबर
पाद्रीणबाई घरी आल्या, येताना केक घेऊन. बाबांनी खोलीला आतून कडी लावली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो.
आडनावाचं मीच विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं. गुलामी उठली तेव्हा सुटलेल्या प्रत्येकाला आडनाव लागणार होतं. मालकाला स्वतःचं द्यायचं नव्हतं. मग तेच उलटून दिलं. कोणाची माणसं ते कळावं, पण नातं सांगता येऊ नये.
मग त्यांनी माझं नाव विचारलं. सगळे मला 'ब्रुकहाउटबाई'च म्हणतात, त्यांना ठाऊक नव्हतं. सांगितलं. त्यांनी हातातला केकचा तुकडा खाली ठेवला. मग म्हणाल्या,
"आजी आम्हाला निजवताना म्हणायची — गप्प पडा, नाहीतर पीटरनेल येईल."
 त्या कसनुशा हसल्या. "आम्हाला वाटायचं, हडळ असेल. खरीच बाई होती, मळ्याची मालकीण, हे फार उशिरा कळलं."
ती काय करायची, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

१३ ऑक्टोबर
बाबांनी वरून हाक मारली, "पीटरनेल!" जिन्यात माझे पाय थबकले. कोणाला बोलावतायत?

१९ ऑक्टोबर
आरशात बघवत नाही. चेहरा माझाच आहे. पण नाव कोणाचं तरी घालून फिरतेय असं वाटतं — मेलेल्या बाईचा झगा घालावा तसं.

२४ ऑक्टोबर
यानेकेला मुलगी झाली. दोघी सुखरूप. काळंभोर जावळ!
मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, हे नाव नको. दुसरं काहीही ठेव. ती बाळाकडे बघत राहिली. 

२६ ऑक्टोबर
बाबांना सांगितलं की नाव मोडायचं म्हणतेय. वाटलं, चिडतील. चिडले नाहीत. पलंगाच्या कडेला बसले, हात मांडीवर, आणि सांगू लागले.
त्यांची आजीही त्यांना निजवताना भीती घालायची. दार लावा, हाउटब्रुक येतील. येतील आणि आपलं सगळं मागतील. कोण हाउटब्रुक, ते त्यांना माहीत होतं. मोठेपणी कळलं होतं. मला कधी सांगितलं नाही.
"जन्मभर मी त्या लोकांना भीत आलो," म्हणाले. "आणि ती बाई केक घेऊन आली."
रडले. बाबांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी जवळ बसले.

३१ ऑक्टोबर, रविवार
यानेकेने ऐकलं नाही. बाळ पीटरनेलच. मला न सांगता पाद्रीणबाईंकडे जाऊन आली — बाप्तिस्म्याच्या वेळी हे नाव त्यांच्या तोंडून निघेल का, हे विचारायला.
त्या म्हणाल्या म्हणे, "ठेव. त्या नावाचं माणूस एकदा कडेवर घेऊन बघायचंय मला."