दोन फुग्यांना एकच नळी

रविवार, दुपार.

आबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. रोज वही लिहिणाऱ्या माझ्याकडून तुम्हाला मात्र एक ओळही लिहून झाली नाही, त्याबद्दल माफ करा. सवड नव्हती असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. तुम्हाला लिहायचं तर समोरच्या शेडबद्दल लिहावं लागलं असतं, आणि ते मला नको होतं.

समोरची शेड तुमच्या मिस्त्रीची. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तुमच्या हाताखाली त्याने नऊ वर्षं ट्रकच्या स्प्रिंगांचे पाटे बसवले आणि मग तुमच्याच हातून नारळ फोडून घेऊन रस्त्यापलीकडे स्वतःचं काम सुरू केलं. त्या दिवशी तुम्ही त्याला तुमचा मोठा हातोडा दिलात, दांड्यावर तुमच्या अंगठ्याचा खळगा पडलेला. मी बी.एस्सी. झालो तेव्हा मला पेन दिलंत. पेन चांगलं होतं. अजून चालतं. पण मला हातोडा हवा होता, हे तेव्हा बोललो नाही. एकदा सुट्टीत मी पाट्याचा बोल्ट आवळायला घेतला तर तुम्ही पाना काढून घेतलात. "ठेव. तुझं काम न्हाई हे. गाडीचा नंबर लिहून घे वहीत." आणि लगेच त्याला, "ये रं, हात लाव. हात लावल्याबिगर कळत न्हाई." मी बाकड्यावर पदार्थविज्ञानाचं पुस्तक उघडून बसलेला. तुम्ही त्याचं मनगट धरून पाट्यावर फिरवताय. कुठला पाटा थकलाय ते त्याला बोटांनी कळावं म्हणून. माझं मनगट तुम्ही असं कधी धरलेलं मला आठवत नाही.

तुम्ही गेल्यावर आपली शेड मी चालवायला घेतली. आता पाट्यांच्या जोडीला हवेचे फुगे आलेत. जाड रबराचा फुगा, दोन्ही बाजूंना एकेक, गाडीची चेसी आणि पाट्याच्या मध्ये बसतो; हवा भरली की बसलेली गाडी उचलून धरतो. या रस्त्यावर ते पहिल्यांदा मी आणले. सोबतची पुस्तिका इंग्रजीत होती. खोटं कशाला सांगू, मला त्याचाच आनंद झाला. ही एक गोष्ट अशी होती, जी तुम्ही त्याला शिकवलेली नव्हती. फुगा चाकाला, पाट्याला घासू नये, नळी सायलेन्सरपासून लांब न्यावी, पात्याने सरळ कापावी, गाडी रिकामी असली तरी थोडी हवा ठेवावी नाहीतर फुगा दुमडून चिरतो, जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघावेत, गाडी थोडी चालल्यावर बोल्ट पुन्हा आवळावेत. सगळं मी शिकलो, स्वतः, वाचून.

महिन्याभरात मिस्त्री रस्ता ओलांडून आला, माझ्या एका गाडीखाली वाकून बघितलं, आणि पुढच्याच आठवड्यात त्याने पहिली जोडी बसवली. पुस्तिका न वाचता. तरी परत येऊन मला म्हणाला, "दादा, दोन्ही फुग्याला येगळी नळी न् येगळा व्हॉल्व्ह द्या. एका नळीवं वारं इकडून तिकडं पळतंय. आबांनी कधी दोन्ही अंगाचे पाटे डोळं झाकून सारखे भरलेत का? ज्या अंगाला वझं जास्त, तिकडं एक पाटा जास्ती घालायचे."

मी म्हणालो, "पुस्तकात एक नळी चालते असं लिहिलंय."

"मंग आसंल," तो म्हणाला आणि गेला.

राजूरचा एक टेम्पोवाला आहे. भंडारदऱ्याला धरणाकाठी जे लोक पर्यटकांसाठी तंबू टाकतात, त्यांचे तंबू, गाद्या आणि एक जनरेटर घेऊन घाटाने वर जातो. त्याच्या गाडीला मी फुगे बसवले, तीनतोंडी जोड घालून, एका नळीवर. काल तो सामानासकट आला. "मालक, गाडी डाव्या अंगाला झोपतीय. वळनाव तर असं वाटतं, आता कुशीव लोळती का काय."

"जनरेटर डावीकडे ठेवता म्हणून."

"जनरेटर आधीपन डावीकडंच हुता की! तवा न्हाई झोपली."

"मग मधे ठेवा."

"मधी ठिवला तर गाद्या कुठं घालू, तुमच्या टकुऱ्याव?"

मी हसलो, हवा वाढवून दिली आणि त्याला जायला सांगितलं. गाडी रस्त्याला लागेपर्यंत मिस्त्री त्याच्या दारात येऊन बसला होता. उकिडवा. एक हात गुडघ्यावर, मान किंचित वाकडी, चाक आणि वरच्या हौद्यामधली फट डोळ्यांनी मोजत. आबा, तुम्ही तसेच बसायचात. अगदी तसेच. लोक म्हणतात माझं नाक तुमचं आहे. नाकाचं काय करू? तुमचं बसणं त्याच्याकडे गेलंय. तो ओरडून दोन शब्द बोलला असता तर मला रागावता तरी आलं असतं.

आज सकाळी टेम्पोवाल्याला फोन केला. तो म्हणाला, मंगळवारी पुन्हा भरून घाट चढायचाय, गाडीत मागे दोन माणसंही असतील. उद्या रिकामी गाडी घेऊन या, माझं काम चुकलंय, असं मी त्याला सांगितलं. जड बाजूची हवा जोडावाटे हलक्या बाजूला जाते, ती बाजू उचलली जाते आणि जड बाजू आणखी बसते. एवढं तर अकरावीचं पोर सांगेल. मग बी.एस्सी. झालेल्या मला का नाही कळलं, असं सकाळपासून स्वतःला विचारत होतो.

आत्ता पुस्तिका काढून बघितली. एक नळी चालते, या वाक्याच्या खाली दुसरं वाक्य आहे: भार एका बाजूला असेल तर दोन्ही नळ्या वेगळ्या ठेवा. त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ आहे. रेघ माझीच. मिस्त्री सांगायला आला त्याच्या कितीतरी आधीची. मला कळलं होतं, आबा. तो म्हणाला म्हणून मी केलं नाही.

हे पान वहीतच राहील. दुसऱ्या नळीसाठी माझ्याकडे जादा व्हॉल्व्ह नाही. त्याच्याकडे डबाभर आहेत.

उद्या: गाडी येण्याआधी समोर जाऊन एक व्हॉल्व्ह मागून आणणे.