कोंड्यातली अंडी

अमरावती, ८ डिसेंबर २०२४

चि. सौ. रागिणीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघे ठीक. फोनवर तू नुसती 'बरं आहे' म्हणतेस, म्हणून कागद घेतला.

परवा शेतात रोडगे झाले. गोवऱ्यांच्या आरातून निघालेला रोडगा तुपात बुडवला, वांग्याची भाजी वाढली, आणि आपली प्राजक्ता मुगाच्या खिचडीचा डबा मांडीवर घेऊन बसली. सात वर्षांची पोर, काही मागितलं नाही. माझ्या रोडग्याचा वास तेवढा घेतला.

इसबाने तिची कोपरं सोलवटली, खरं आहे. पण जो येतो तो पथ्याच्या नावाखाली तिच्या ताटातलं काहीतरी उचलून नेतो. शेजारणीने वांगं नेलं, तुझ्या सासूबाईंनी तुरीचं वरण, दही आणि शेंगदाणे कोणी नेले ते आठवतही नाही. मनगट बघ तिचं.

ताकदीसाठी दसऱ्यापासून पाठवतो तशी परतवाड्याची गावरान अंडी पाठवतोय, गव्हाच्या कोंड्यात बसवून. रोज अकोल्याला ये-जा करणारा आपल्या शेजारचा गोपाल आणून देईल. माझ्या गळ्यातली तुळशीमाळ पाहून दुकानदार हसला. तुझ्या आईने तर विचारलं, की आता कोंबड्या पाळून राहिले का? हसू दे. रोज एक दे.

मी शिकवलेली कविता ती चालीवर म्हणते ना? मी मास्तर होतो तेव्हा वर्गात ती सुरू झाली की खिडकीतल्या चिमण्याही गप्प बसत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझे बाबा

अकोला, १६ डिसेंबर

ती. बाबांना रागिणीचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून आधी रडू आलं, मग राग. तिचं ताट रिकामं करायची मला हौस आहे का? पोर रक्त येईस्तोवर खाजवते, तेव्हा जो जे सांगेल ते सोडते मी.

काल तुमचे जावई आणि मी तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. वजन पाहून त्या माझ्यावरच चिडल्या. न तपासता अर्धं जेवण कोणी बंद केलं, म्हणाल्या. आता रक्त तपासायचं, आणि बंद केलेलं एकेक त्यांच्या सांगण्याप्रमाणे परत सुरू करायचं.

अंडी पोचली, एकही फुटलं नाही. रोज देते.

आईला जपा, तिला चिडवू नका.
रागिणी

अकोला, २ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना सा. नमस्कार.

वांगं, तूर, दही, शेंगदाणे, सगळं ताटात परत आलं आणि काही झालं नाही! एकाच गोष्टीची ॲलर्जी निघाली. ती थांबवल्यावर कोपरं भरून येताहेत, खाज कमी आहे. नुसत्या खाण्यावर भिस्त ठेवू नका असंही बाईंनी बजावलंय, म्हणून आंघोळ झाली की लगेच मलम.

आणि हो, आता अंडी पाठवू नका. थंडीत कोंबड्यांनाही विश्रांती हवी.

रोडग्यांना आम्हाला विसरू नका.
रागिणी

आबा, आई चहा ठेवून राहिली म्हणून मी लिहिते. मले अंडंच चालत नव्हतं. आबाले सांगू नको म्हणे आई, तुमी रडसान. रडू नका. अंडे लय चांगले होते. प्राजक्ता

अमरावती, ९ फेब्रुवारी

चि. प्राजक्तास आबांचे गोड गोड पापे.

मोठ्या अक्षरात लिहितो, तुझं तुला वाचता यावं. थोडं रडलो. मग तू नको म्हटलंस ते आठवलं आणि थांबलो. आजी तेव्हापासून मला चहात जास्त साखर घालते.

हे आईला दाखवू नकोस. कोंबड्या विश्रांती घेताहेत यावर माझा अजून पूर्ण विश्वास आहे, असं तिला वाटू दे.

गोपालने परत आणलेला अंड्यांचा डबा घासला, जुना कोंडा गाईला घातला. रविवारी तुम्ही आलात की शेतातली काटेरी वांगी त्यात भरून देईन. त्याआधी रोडगे आहेतच. आरातून पहिला रोडगा चिमट्याने तू काढायचा, फोडायचा, तुपात बुडवायचा.

आणि मी शेजारी बसेन. या वेळी वास मी घेईन.

कविता पाठ करून ये, आणि आबावर आहे तेवढाच जीव ठेव.
तुझे आबा