हातपंपाचा वॉशर

तीर्थरूप बाबा,
नमस्कार. आधी घडलं ते क्रमाने सांगते.

१. मंगळवारी उष्णतेमुळे शहराची वीज गेली. ती एकोणीस तास आली नाही.
२. आमच्या पाणीपुरवठा केंद्रातले सगळे पंप बंद पडले.
३. फोन अजून नीट लागत नाहीत, म्हणून हे पत्र.
४. मी ठीक आहे.

केंद्रामागे एक जुना हातपंप आहे. आम्ही पाच इंजिनियर त्याच्याशी तासभर झटलो, पण पाणी येईना. शेवटी वॉचमनकाकांनी तो उघडला, स्वतःच्या जुन्या चपलेच्या चामड्याचा वॉशर कापून बसवला आणि म्हणाले, "बाई, एवढं शिकलात ते फक्त वीज असेपर्यंतच का?" दांडा हापसताच पाणी आलं. मी बादल्या भरू लागले.

तुम्ही हातपंप दुरुस्तीचं हेच काम चाळीस वर्षं केलंत. "जरा पाना धर गं," म्हणायचात, आणि मी अभ्यासाचं निमित्त सांगून सटकायचे.

अहवालात आम्ही 'अपवादात्मक घटना' असं लिहिलं. या उन्हाळ्यातली ती तिसरी होती. आकडे पाहता दर खेपेला वीज यायला जास्त वेळ लागतोय. एखाद्या खेपेला ती येणारच नाही, असं मला वाटू लागलंय. एवढं आईला वाचून दाखवू नका. तिचा गुडघा कसा आहे?

तुम्ही हत्यारं भंगारात देणार, असं ती मागे फोनवर म्हणाली होती. देऊ नका. वीस तारखेपासून मला चार दिवस रजा आहे. पाना मी धरीन, तुम्ही शिकवा.

शिकवाल की नाही, ते पंधरा तारखेपर्यंत कळवा.

तुमची,
धाकटी