नकट्या राणीचं नाणं

प्रिय चिमणे,

चार वर्षांनी लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. चष्म्याच्या दुकानात जन्म गेला आणि माझाच चष्मा कधी हाताशी नसतो, हे तुला माहीतच आहे. दर शनिवारी तू आईला फोन करतेस, तेव्हा मी बाजूच्या खोलीत पेपर वाचायचं सोंग करून कान टवकारून बसतो. परवा पेपर उलटा धरला होता, तर आईने चांगलीच फिरकी घेतली. तुझा खोकला गेला, हे मला तिथूनच कळलं.

आपला नाणीवाला अजून तसाच आहे. गेल्या महिन्यात त्याने एक दुर्मिळ नाणं पुढे केलं, सोनं एवढंसं आणि किंमत तिप्पट. मी नेहमीचंच सांगितलं, की बाबा रे, मी सोन्याचे पैसे देतो, तुझ्या गोष्टीचे नाही. मला आपली जुनी, झिजलेली, ओरखडे पडलेलीच दाखव, वितळवली तरी जवळपास तेवढेच पैसे येतील अशी. सात वर्षांची असताना तू कमरेवर हात ठेवून हेच त्याला ऐकवलं होतंस. तो अजून ते सांगून हसतो. वर्षाला एक नाणं घ्यायचो आपण. तू ते काचेची जाडी मोजायच्या मापात धरायचीस, तराजूत टाकायचीस आणि मगच पास करायचीस. त्यात नाक पार झिजलेली ती राणी तुझी लाडकी. तिला तू नकटी म्हणायचीस आणि मी तुला.

नोकरीसाठी परगावी जायच्या आदल्या दिवशी तू त्याच नकटीला दुकानातल्या यंत्रावर भोक पाडलंस, आपण बिनफ्रेमच्या चष्म्याच्या काचांना पाडतो तसं. बाबांची आठवण गळ्यात राहील म्हणून. आणि मी गिऱ्हाइकांसमोर काय वाट्टेल ते बोललो! तुला कशाची किंमत नाही, माझ्या वस्तूंना परत हात लावू नकोस, इथवर गेलो. तू नाणं मुठीत धरून निघून गेलीस. गव्हाच्या एका दाण्याच्या वजनाइतकं सोनं गेलं असेल फार तर. जन्मभर ओरखड्यांची पर्वा न करणारा मी, एका भोकापायी पिसाळलो. खरं सांगू? राग भोकाचा नव्हताच. तू जाणार होतीस आणि मला ते सहन होत नव्हतं. आईला हे त्याच दिवशी कळलं होतं. मला कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर तोंड उघडायला त्याहून जास्त.

काल तुझं पार्सल आलं. आत चिठ्ठी नाही, नुसती नकटी, भोक बुजवलेली. सोनाराने काम सुरेख केलंय, ठिगळ जरा जास्त पिवळं दिसतं इतकंच. तराजूत टाकलं तर वजन पुरेपूर. चिमणे, इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. म्हणजे चार वर्षं तू हेच धरून बसली होतीस, की बाबांना ते सोनं परत हवंय. मी चुकलो गं. आज दुपारी दुकानाचं दार लावून घेतलं आणि त्याच यंत्रावर, त्याच जागी, मी ते भोक पुन्हा पाडलं. जरा तिरकं गेलं. तुझं अगदी सरळ होतं, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. रविवारी ते घेऊन तुझ्याकडे येतोय. एकट्याने बेल वाजवायची हिंमत नाही, म्हणून आईलाही आणतोय. नाणं गळ्यात घालायचं की नाही ते तू ठरव, पण दार उघड.

तुझाच,
बाबा